बाईंच्या मापाची मोटार

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, हे मला कधी आठवावं लागत नाही. मेश्राम बाईंचे. सुशीला मेश्राम हे त्यांचं पूर्ण नाव, पण कुहीच्या शाळेत त्यांना कोणी त्या नावाने ओळखत नसे. त्या गणिताच्या बाई होत्या आणि उंच होत्या, ओळख पटायला एवढं पुरत असे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील धानाच्या गिरणीत पोती वाहायचे, आणि दहावी झाल्यावर मी त्याच गिरणीत वजनकाट्यावर बसायचं हे घरात न बोलता ठरलेलं होतं. निकालाच्या आठवड्यात बाई आमच्याकडे आल्या. दारातून कमरेत वाकून आत शिरल्या, खाटेच्या कडेवर बसल्या, आईने दिलेलं पाणी प्यायल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, पोट्टा चांगला हाय. याले काट्यावर बसवून काय मोजून घेता तुम्ही?"

वडील उभेच होते. "तुमी म्हनसान तं पाठवतो बाई. पन नागपुरात हा राहीन कोठी?"

"माह्या भावाकडं, मनीषनगरात. तो एकटाच राह्यते. दोन पोळ्या जास्त टाकीन."

असा मी इंजिनिअर झालो. मधली वर्षं लिहायला बसलो तर पुष्कळ आहेत, पण त्यांचं मूळ त्या खाटेच्या कडेवरच आहे.

काल घरच्या कूलरच्या ताट्या बदलल्या. जुना वाळा काढला, त्याचा भुगा झाडला, नव्या ताट्या बसवून पाणी सोडलं. पहिल्या पाण्याचा वाळ्याचा वास घरभर झाला आणि माझं मन एकदम खाली गेलं. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन." नागपुरात वैशाखात एवढं उत्तर चालून जातं. बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं, बाया-माणसं तोंडाला दुपट्टे गुंडाळून डोळ्यांपुरती उरलेली असतात, आणि दुपारी बारानंतर रस्ता असा मोकळा पडतो की लांबून येणारी एकटी सायकलसुद्धा ऐकू येते. पण माझं मन उन्हाने खाली गेलं नव्हतं. मागच्या वैशाखात हाच वास एका शेडमध्ये भरलेला असायचा. तिथे आम्ही एका लहानशा मोटारीचा तळ कापत होतो.

ती शेड दिवाकरकाकांची, म्हणजे बाईंच्या धाकट्या भावाची, त्यांच्या घरालगतची. काका रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा मनीषनगरात घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते, आणि संध्याकाळी त्या प्लॉटांवरून म्हशी परत जायच्या. काका बुटके होते, गोल होते, सतत बोलायचे. बहीण-भाऊ शेजारी उभे राहिले की पाहणारा हसायचाच, आणि तो हसायच्या आधी काकाच म्हणायचे, "आमच्या घरी कापड एकच होतं. ताईचं शिवून उरलं, त्याच्यात मी."

निवृत्त झाल्यावर काकांनी एक वेडेपणा केला. दक्षिणेतल्या एका छोट्या कारखान्यातून त्यांनी सुट्या भागांची मोटार मागवली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वरून घालायचं फायबरचं लाल कवच, चाकं, आणि बाकी सगळं आपण जोडायचं. इंजिन एका जुन्या लहान मोटारीचं. दोनच माणसांची जागा, छप्पर नाही, आणि इतकी बुटकी की शेजारी उभं राहून तिच्या कवचावर हात टेकवायचा तर वाकावं लागे. शर्यतीच्या मोटारीसारखी दिसायची. डोक्यामागे एक जाड नळीची कमान होती. गाडी उलटली तर वजन त्या कमानीने पेलायचं आणि आतल्या माणसाचं डोकं वाचायचं, यासाठी ती असते. काका वर्षानुवर्षं त्या गाडीत रमले. मी सुटीच्या दिवशी जाऊन हाताखाली काम करत असे. बाई कुहीहून आल्या की दारात उभ्या राहून बघायच्या.

"मले बसू दे ना रे एकदा," त्या म्हणायच्या.

"ताई, तुले बसवलं तं इंजिन काढून ठेवा लागीन. तुह्यासाठी मी एसटी बनवतो, थांब."

बाई हसायच्या. त्या सगळ्यांच्याच विनोदांना हसायच्या. कुहीच्या बाजारात कोणी मागून ओरडायचं, "बाई, वरतं हवा कशी हाय?" तरी हसायच्या. आम्ही मुलं त्यांना आपसांत लाइटचा खांब म्हणत असू, आणि मला आता वाटतं, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

फळ्याची एक गोष्ट आठवते. आमच्या वर्गाचा फळा उंच टांगलेला होता. दुसरे सर लिहायचे तिथून वर हातभर जागा नेहमी कोरी काळी राहायची. बाई मात्र प्रमेयाचं नाव अगदी वरच्या कडेला लिहायच्या. तास संपला की वर्गनायक फळा पुसायचा, पण त्याचा हात तिथपर्यंत पोचत नसे. मग खाली हिंदीची कविता यायची, इतिहासातल्या लढाया यायच्या, नागरिकशास्त्र यायचं, आणि त्या सगळ्यांच्या वर दोन-दोन दिवस बाईंच्या अक्षरात समरूप त्रिकोण टिकून असायचे. वर्गात पाहुणे आले की मुख्याध्यापकांना ते खटकायचं. "मॅडम, जरा खालून लिहीत जा," असं ते एकदा आमच्यासमोरच म्हणाले. पुढच्या तासाला बाई खालून लिहू लागल्या. वाकून.

दोन हिवाळ्यांपूर्वी काका गेले. झोपेतच गेले. तोवर बाईही निवृत्त झाल्या होत्या. कुहीची खोली सोडून त्या मनीषनगरच्या घरात राहायला आल्या. गाडी जवळपास पूर्ण झालेली होती. मला वाटलं, बाई ती कोणाला तरी देऊन टाकतील. मागच्या चैत्रात मी भेटायला गेलो तर त्या स्वयंपाकघरात होत्या. तो ओटा काकांनी आपल्या मापाने बांधलेला, त्यामुळे बाई पाय फाकवून, पाठ गोल करून पोळ्या लाटत होत्या. त्याच अवस्थेत मान न वळवता म्हणाल्या, "नरेश, मले ते गाडी चालवाची हाय."

"बाई, तुम्ही?"

"काहून? गाडीवर पुरुषाचं नाव लिहिलं हाय का? आयुष्यभर मी मागच्या सीटवर बसली गा, गुडघे तोंडाशी घेऊन. एसटीत तसंच, टॅक्सीत तसंच, दुसऱ्याच्या स्कूटरवर तसंच. दिवाकरनं बनवली, पण मले बसू नाही दिलं. आता कोन अडवते मले?"

मी म्हटलं, "हो बाई."

ती मोटार रस्त्यावर आणायची तर परवानग्यांचा मोठा पसारा होता. बाईंना रस्ता नकोच होता. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं शहराबाहेर, बेसा गावाच्या पुढे लेआउट होतं. रस्ते झालेले, नाल्या झालेल्या, खांब उभे, पण घर एकही नाही. तिथे सकाळी चालवायची, एवढंच त्यांना हवं होतं. प्रश्न एकच होता, बाई त्या गाडीत मावत नव्हत्या. स्टिअरिंगखाली गुडघे अडकायचे, पाय पेडलवर दुमडून पडायचे, आणि डोकं कमानीच्या वर निघायचं. डोकं कमानीच्या वर असेल तर कमान असून नसल्यासारखी.

मापं घ्यायची ठरली. अशा कामाला बसलेल्या माणसाची मापं लागतात. बैठकीपासून डोक्यापर्यंत, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. टेप माझ्या हातात होता आणि बाई समोर खुर्चीवर होत्या. मी टेप ओढला, सोडला, पुन्हा ओढला. ज्या पायांना आजवर फक्त नमस्कारापुरता हात लावला, त्यांना टेप लावायचा कसा, हे मला सुचेना. माझी अडचण बाईंना दिसली असावी.

"पाच फूट दहा," त्या म्हणाल्या. "लिही. बाकी तू काढ हिशेबानं."

मी लिहिलं. एकूण उंची कळली की बाकीची मापं ठरलेल्या प्रमाणावरून काढता येतात, तशी मी काढली. शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलेली संख्या आम्ही कोणी कधी तपासली नव्हती. बाईंनी सांगितलेला आकडा तपासायचा असतो, हे आजही माझ्या अंगात नाही.

कापाकापीचं काम बंडूभाऊकडे दिलं. बंडूभाऊचं वेल्डिंगचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. वर्षभर गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या, आणि फाल्गुनापासून कूलरचे डबे. मागच्या वैशाखात त्याच्या दुकानासमोर पत्र्याचे कूलर अशा ओळीने उभे होते की ग्राहकाला आत जायला वाट नव्हती.

"नरेशभाऊ, सीजन हाय," तो वैतागून म्हणाला. "अख्खं मनीषनगर कूलरसाठी माह्या डोक्यावर बसून राहिलं, अन् तुम्ही मॅडमले जमिनीत बसवाले आले."

तरी तो संध्याकाळी शेडमध्ये यायचा. येताना एक नवा कूलर ढकलत आणायचा, दारात लावायचा आणि त्याच्या हवेत काम करायचा. वाळ्याचा ओला वास, कापलेल्या लोखंडाचा वास, फायबर घासल्यावर उडणारी खाज सुटणारी धूळ. गाडी पाहून त्याने डोकं खाजवलं. "मॅडमले बसवाचं म्हंजे गाडीले तळघर काढा लागीन."

"काढ मंग," बाई म्हणाल्या. "दिवाकर गच्चीवर राहात होता, मी तळघरात राहीन."

आम्ही सीट काढली. सीटच्या खालचे रूळ काढले. दोन नळ्यांमधला तळाचा पत्रा कापून दोन-चार बोटं खाली घेतला. पेडल पुढे सरकवले, स्टिअरिंग लहान लावलं. तळ याहून खाली नेता येत नव्हता, नाहीतर गाडी जमिनीला घासली असती. बाई रोज यायच्या, पन्ह्याचा तांब्या ठेवायच्या, आणि कापलेल्या भोकातून खालची जमीन बघत राहायच्या. त्या दिवसांत त्या मला वेगळ्याच दिसत होत्या. घाईत असल्यासारख्या. एकदा मला म्हणाल्या, "साडीत नाई जमनार, नाही का?" आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गांधीबागेत कापड घ्यायला गेल्या. तिथल्या दुकानदाराने त्यांच्याकडे पाहून आपणहून मोठा पन्हा काढला. बाईंच्या साड्या नेहमी कमी पडायच्या. कुहीला असताना त्या साडीला खालून दुसऱ्या कापडाची पट्टी जोडायच्या, जवळच्या रंगाची शोधून. आम्हा मुलांना वाटायचं ती एक फॅशन आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तिच्या परकराला तशी पट्टी लावून घेतली होती.

शेवटची तपासणी काठीने करतात. माणूस हेल्मेट घालून सीटवर बसतो, आणि कमानीच्या माथ्यापासून समोरच्या बॉनेटपर्यंत एक सरळ काठी धरतात. काठी डोक्यावरून मोकळी गेली पाहिजे. बाई बसल्या. बंडूभाऊने मागे बांबू टेकवला, मी पुढचं टोक धरलं. बांबू हेल्मेटवरून गेला, मध्ये बोटभर जागा राहिली.

"बसली ना गा बरोबर?" हेल्मेटमधून आवाज आला.

"हो बाई."

बाईंची हनुवटी छातीकडे झुकलेली होती आणि पाठ गोल होती. मी ते पाहिलं, पण मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. बाई तशाच बसायच्या. एसटीत, शिक्षकांच्या खोलीत, शाळेच्या ग्रुप फोटोत. माझ्या दृष्टीने तो त्यांचा आकार होता.

वस्तू कोणाच्या मापाने करतात, हा विचार मी त्यानंतर फार केला. मी बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात काम करतो तिथे आम्ही यंत्रांचे भाग बनवतो. भाग मापात नसला तर तो बाजूला काढतात, त्यावर लाल खूण करतात. यंत्रावर कोणी लाल खूण करत नाही. माणसांच्या बाबतीतही आम्ही तेच करत आलो असू का? दार बुटकं आहे असं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. बाई फार उंच आहेत, असंच ऐकलं.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागायच्या आधीची सकाळ होती. उजाडताना थोडा वारा होता, पण सहालाच ऊन पाठीला लागत होतं. बंडूभाऊने टेम्पोतून गाडी लेआउटवर आणली. बाईंनी नवा सलवार-कुडता घातला होता आणि ओढणी कमरेला बांधली होती. महिनाभर शिकवणीच्या गाडीवर त्यांनी सराव केलेला होता. पहिली फेरी त्यांनी बैलगाडीच्या वेगाने घेतली. बंडूभाऊ ओरडला, "मॅडम, धान वाहून नेऊन राहिले का?" दुसरी फेरी बरी झाली. तिसऱ्या फेरीला लांबच्या सरळ रस्त्यावर बाईंनी वेग घेतला, आणि मला दिसलं की त्या वर येत आहेत. हळूहळू. आधी मान सरळ झाली, मग खांदे मागे गेले, मग पाठ. खांबांच्या ओळीतून लाल ठिपका पळत होता आणि त्यात बाई पूर्ण ताठ बसल्या होत्या. त्या मोठ्याने काही तरी म्हणत होत्या. गात असतील. बंडूभाऊ माझ्या खांद्यावर मारत म्हणाला, "अबे, मॅडम पहा ना!"

पुढे नालीवर सिमेंटचा जोड होता. फार मोठा नाही. गाडी उडाली आणि बाईंचं हेल्मेट मागून कमानीच्या नळीवर आपटलं. तो आवाज आम्हाला एवढ्या लांबून ऐकू आला. गाडी स्वतःच पुढे जाऊन थांबली. आम्ही धावलो. बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे उघडे होते. "उजवा हात कोठी गेला गा?" त्या मला विचारत होत्या. हात समोरच होता. त्यांना तो जाणवत नव्हता.

हाड मोडलं नव्हतं. मानेच्या शिरांना मार होता. हॉस्पिटलात त्यांना ज्या बेडवर ठेवलं, त्याच्या पायथ्याबाहेर त्यांची पावलं निघाली होती. मी त्यांवर चादर ओढली की छाती उघडी पडायची. दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा लावून त्यांना बसवलं तेव्हा नर्स कागद घेऊन आली. "मावशी, उंची?"

"पाच दहा."

नर्सने एकदा बेडकडे पाहिलं. "मावशी, पाच दहाचे पाय बेडच्या बाहेर नाही येत. उभ्या राहा बरं जरा." तिने भिंतीला टेकवून माप घेतलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सहा फूट! अन् वरून बोटभर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. नर्स गेल्यावर त्या पुन्हा बेडवर टेकल्या. मग पट्ट्यामुळे समोरच्या भिंतीकडेच बघत सांगू लागल्या.

"माह्या बाबानं पहिल्या पाहुण्याले सांगितलं, पाच दहा. पोरगा तेवढाच होता ना. आई म्हने, पोहे देतानी वाकूनच राहजो वं, अन् बसली का मान वर नको करजो. तो गेला. दुसरा आला, तिसरा आला. मंग कोनी येनं बंद झालं. पन आकडा तोंडात बसून गेला. अंगातही बसला. मलेच खरा वाटे."

"बाई, तुम्ही मला सांगायचं होतं."

"तुले सांगू? तू तं माह्या समोर मान वर नाही करत अजून." त्या थोड्या हसल्या, मग दुखलं म्हणून थांबल्या. "त्या दिवशी मले भान राह्यलं नाही गा. ताठ बसली, तेच चुकलं. वाकूनच राहाची जागा होती ते. विकून टाक गाडी. दिवाकरच्या मापाची होती, कोन्या दिवाकरलेच दे."

मी सवयीने म्हटलं, "हो बाई."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी धुळीचं वादळ यायचं. गुलमोहराचा सडा गाड्यांखाली चिरडला जायचा. बंडूभाऊचा फोन आला. त्याने ग्राहक आणला होता. "रविवारी येते पाहायले. पाच फूट चार. असा फिट्ट बसते का, तुम्ही पाहूनच घ्या." मी शेडमध्ये जाऊन बसलो. कमानीवर जिथे हेल्मेट आपटलं तिथला रंग उडाला होता. ग्राहक त्यावर नवा रंग मारून घेईल आणि गाडी चांगली चालेल, यात शंका नव्हती. बाई आपल्या घरात पट्टा लावून, तो निघाला की पुन्हा गोल होऊन, बुटक्या ओट्यावर पोळ्या लाटतील. त्यांनी एकदाच पाठ सरळ केली आणि आम्ही केलेल्या गाडीने त्यांना त्याबद्दल मारलं. त्यांनी त्यातून जो अर्थ काढला तो तसाच राहू दिला, तर त्यांनी मला शिकवलं कशासाठी? समोर जाऊन हे बोलणं मला जमलं नसतं. म्हणून त्याच रात्री, जेवणं झाल्यावर, मी त्यांना पत्र लिहिलं. एकाच शहरात राहून पोस्टाने पाठवलं.

उत्तर आलं नाही. बाई आल्या. दवाखान्यातून परतताना रिक्षातून उतरून, मानेला पट्टा, घरात न जाता सरळ शेडमध्ये. मी टेप काढला आणि पुन्हा तसाच घुटमळलो. "पाया तं पडतोस ना?" त्या म्हणाल्या. "मंग माप घ्यायले काय झालं? लाव." मी मापं घेतली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरला तेव्हा बंडूभाऊ मुद्दाम दुसरीकडे पाहत होता.

पावसाळाभर आणि दिवाळीच्या पुढेही काम चाललं. या वेळी मी एकही माप हिशेबाने काढलं नाही. कमान कापून उंच केली, तिला मागून नवे आधार दिले, बैठक मागे सरकवली, तिच्या आड येणारी नळी वळवून घेतली. आता बाई ताठ बसल्या तरी काठी वरून मोकळी जाते. गाडी हिवाळ्यापासून तयार आहे.

पण बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. खडू धरला तर पडतो, असं त्या सांगतात. खडू त्या आता कशाला धरतात, हे मी विचारलं नाही. डॉक्टर म्हणतात, मानेला झटका नको. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. बाई रोज सकाळी शेडचं दार उघडतात, गाडीत बसतात, इंजिन चालू करतात आणि तशाच बसून राहतात. परवा मी गेलो तेव्हा त्या तिथेच होत्या. लाल कवचात सरळ पाठीने, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर शेडची भिंत. मी दारात उभा राहिलो. त्यांनी मला आरशात पाहिलं असावं. डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्या लेआउटच्या त्या जोडावर माझा जीव अडकून राहील. आणि नाही दिली, तर इतकं सगळं बरोबर करून ते फार उशिरा केलं, हे घेऊन मला जगावं लागेल. काल वाळ्याच्या वासाने मन खाली गेलं ते यामुळे.

पत्र टाकण्याआधी मी त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो आज उघडून वाचला. मजकूर असा.

"आदरणीय बाईंना नरेशचा साष्टांग नमस्कार.

तोंडावर मला 'हो बाई' याखेरीज काही बोलता येत नाही, म्हणून लिहितो. गाडीसाठी रविवारी जो ग्राहक येणार होता त्याला मी येऊ नको म्हणून कळवलं आहे. तुम्हाला विचारलं नाही. तुमचं न ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे, आणि तुम्ही रागावलात तर मला ते मान्य आहे.

तुम्ही म्हणालात, ताठ बसले तेच चुकलं. बाई, हे उत्तर बरोबर नाही. डोकं जिथे असायला हवं तिथेच होतं. नळी खाली होती. नळी कापता येते आणि वर जोडता येते. दुसरं काही कापण्याची किंवा वाकवण्याची गरज नाही.

तिसऱ्या फेरीला मी तुम्हाला लांबून पाहिलं. इतकी वर्षं मी तुमच्या हाताखाली राहिलो, पण तुम्ही केवढ्या आहात ते मला त्या रस्त्यावर कळलं. मला फार आनंद झाला होता. लगेच पुढे ते झालं, त्यामुळे सांगायचं राहून गेलं. आता दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात आणि झोप लागत नाही.

गाडीवरून मन उडालं असेल तर विकू. डॉक्टर कायमचं नको म्हणाले तरी विकू. भीती वाटत असेल तर तीही खरी आहे, मलाही वाटते. पण तुम्ही मापाबाहेर आहात म्हणून मी ती विकणार नाही. हे एक काम मला सांगू नका.

हॉस्पिटलात नर्सने मोठ्याने सांगितलेला आकडा मी ऐकला. तो मी लिहून ठेवलेला नाही आणि वापरणारही नाही, कारण तो तुम्ही दिलेला नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा शेडमध्ये या आणि जेवढ्या आहात तेवढ्या उभ्या राहा. बंडूभाऊला मी सांगून ठेवलं आहे, कूलर थांबतील.

तुमचा विद्यार्थी,
नरेश"